नाण्यावर चालणारा पडदा
संगीतचित्रफितीचा, म्हणजे एखाद्या ध्वनिमुद्रित गाण्याच्या प्रसारासाठी त्या गाण्याच्याच लांबीत बसवलेल्या लघुचित्रपटाचा, इतिहास बहुधा १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली तेथून सांगितला जातो. परंतु या प्रकाराची घडण त्याआधी चार दशके, शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९४० मध्ये आणलेल्या ‘पॅनोरॅम’ या यंत्राभोवती झाली होती.

पॅनोरॅम हे माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट असून त्यात १६ मिलिमीटर फिल्मचा प्रक्षेपक बसवलेला असे आणि त्यातून निघालेले चित्र आरशांवरून परावर्तित होऊन काचेच्या पडद्यावर मागच्या बाजूने उमटे. ‘साउंडीज’ या नावाने ओळखले जाणारे सुमारे तीन मिनिटांचे आठ चित्रपट एका रिळावर जोडलेले असत, आणि उपाहारगृहात किंवा मद्यगृहात दहा सेंटचे नाणे टाकणाऱ्याला रिळावर ज्याची पाळी असेल तेच गाणे पाहावे लागे. गाणे आधी मुद्रित करायचे आणि कलावंताने नंतर त्यावर ओठ हलवायचे, ही पार्श्वगायनामुळे भारतीय प्रेक्षकाच्या ओळखीची रीत येथेही होती. फरक इतकाच की येथे गायक सहसा आपल्याच आवाजाला ओठांची साथ देत असे.

साउंडीजचे खरे मोल मात्र तंत्राहून अधिक त्यांत दिसणाऱ्या माणसांत आहे. हॉलिवूडच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय कलावंतांच्या वाट्याला बहुधा नोकराची भूमिका किंवा कथानकापासून सुटे असलेले एखादे गाणे येत असताना ड्यूक एलिंग्टन, फॅट्स वॉलर, लुई जॉर्डन, नॅट किंग कोल आणि डोरोथी डॅंड्रिज येथे पूर्ण तीन मिनिटे पडद्याचे धनी होते. यांतील काही चित्रपटांत वर्णद्वेषी ठोकळेबाज प्रतिमा आहेत, हे लपवून चालणार नाही. तरीही वॉलरची पियानोवर फिरणारी बोटे आणि नाचणाऱ्या भुवया आज पाहता येतात त्या मोठ्या प्रमाणात याच फितींमुळे, कारण डिसेंबर १९४३ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

युद्धकाळातील कच्च्या मालाची टंचाई आणि वादक संघटनेने १९४२ मध्ये पुकारलेला ध्वनिमुद्रणावरील बहिष्कार यांनी हा व्यवसाय खिळखिळा झाला, आणि दशक संपण्यापूर्वीच नव्या साउंडीज निघणे थांबले. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये आलेल्या ‘स्कोपिटोन’ने रंग आणला आणि ३६ चित्रपटांतून हवे ते निवडण्याची मुभाही दिली, पुढे हीच यंत्रे अल्जीरिया आणि मोरोक्कोतून आलेल्या कामगारांच्या कॅफेंत त्यांच्या मायभाषेतील गाणी दाखवू लागली.

दूरचित्रवाणीने नाण्याची गरज संपवली, पण निवड वाहिनीच्या हाती गेली. आरंभीच्या काळात एमटीव्हीवर कृष्णवर्णीय गायक क्वचितच दिसत, आणि त्यावर उघड टीकाही झाली. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ने हा बांध फोडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन लँडिस दिग्दर्शित, सुमारे चौदा मिनिटांच्या ‘थ्रिलर’ने तबकडीच्या एका बाजूवरून आलेली तीन मिनिटांची चौकटही मोडली; आणि त्याच्या निर्मितीवरील माहितीपटासह त्याची व्हिडिओ कॅसेट विक्रीस आली, तेव्हा गाणे पाहण्यासाठी प्रेक्षकाचा हात पुन्हा स्वतःच्या खिशाकडे गेला.