विश्लेषण : खेळातील तलवार खऱ्याइतकी हलकी व्हायला ३६ वर्षे का लागली?

कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती एवढ्या भांडवलावर टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळ रंगतात. त्यांत प्रत्येक शस्त्र म्हणजे नियमपुस्तकातील तक्त्याची एक ओळ असते. तलवार किती जड, भाला किती लांब, घाव किती खोल, हे सगळे त्या ओळीत मावते. ती लिहिताना इतिहास किती पाळायचा आणि खेळ किती सुटसुटीत ठेवायचा, हा वाद या खेळांइतकाच जुना आहे. त्याचा हा आढावा.

सुरुवातीला सगळी शस्त्रे सारखीच होती?

या प्रकारातील सर्वात प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण गोष्ट पुढे नेतो आणि वार बसला की नाही हे फासा ठरवतो. मूळ नियमांत खंजीर असो वा दोन हातांची तलवार, इजा ठरवायला सहा बाजूंचा एकच फासा पडे. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने हे बदलले. खंजिराला चार बाजूंचा, तलवारीला आठ बाजूंचा आणि दोन हातांच्या तलवारीला दहा बाजूंचा फासा मिळाला. शस्त्रनिवडीला अर्थ आला तो इथून.

११ किलोंची तलवार कुठून आली?

१९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमपुस्तकात वजन सोन्याच्या नाण्यांत मोजले जाई. दहा नाणी म्हणजे एक पौंड. दोन हातांच्या तलवारीपुढे आकडा होता २५० नाणी, म्हणजे २५ पौंड, अर्थात ११ किलोंहून जास्त. हा आकडा केवळ वजनाचा नव्हता, वस्तू बाळगण्याची अडचणही त्यात धरली होती. मात्र तक्ता वाचणाऱ्याच्या मनात राहिले ते वजनच. मध्ययुगीन योद्धे प्रचंड जड तलवारी कशाबशा उचलून आपटत, या समजाला त्यामुळे बळ मिळाले.

खऱ्या तलवारी किती जड होत्या?

संग्रहालयांतील युरोपीय तलवारी वेगळे सांगतात. एका हाताची लढाऊ तलवार साधारण एक ते दीड किलोची. दोन हातांची मोठी तलवारही सहसा दोन ते साडेतीन किलोंची. मिरवणुकीत मिरवण्यासाठी बनवलेल्या तलवारी याहून जड असत, पण त्या लढाईसाठी नव्हत्या. जड शस्त्राने हात थकतो आणि वार चुकल्यावर सावरायला वेळ लागतो, हे कारागिराला ठाऊक होते. खेळाने हे हळूहळू स्वीकारले. दोन हातांच्या तलवारीचे वजन १९८९ मध्ये १५ पौंड, २००३ मध्ये आठ पौंड आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सहा पौंडांवर, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास आले.

चिलखतापुढे कोणते शस्त्र चालते?

वास्तवाची खरी कसोटी इथे लागते. पोलादी पत्र्याचे चिलखत तलवारीच्या पात्याने कापले जात नाही. म्हणून योद्धे पाते मधोमध धरून टोक सांध्यांत खुपसत, किंवा गदेसारखे ठोकणारे शस्त्र घेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चिलखतामुळे वार बसणेच अवघड होते. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये मात्र चिलखत बसलेल्या वारातील काही इजा शोषून घेते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ मधील ‘गर्प्स’ने त्यात वाराचा प्रकारही जोडला. चिलखत भेदून उरलेली इजा कापणाऱ्या वाराला दीडपट, भोसकणाऱ्या वाराला दुप्पट होते. ठोकणाऱ्या वाराला ती आहे तेवढीच राहते.

समजा, तलवारीचा वार ६ गुणांचा आणि गदेचा ८ गुणांचा. अंगावर चिलखत नसेल तर तलवार ६ च्या दीडपट म्हणजे ९ गुणांची इजा करते आणि गदा ८ गुणांची. चिलखत ४ गुण अडवत असेल तर तलवारीचे २ उरतात, ते दीडपट होऊन ३ होतात. गदेचे मात्र ४ उरतात. म्हणजे समोर कोण उभे आहे त्यानुसार योग्य शस्त्र बदलते. इतिहासात घडले तेच इथे वजाबाकी-गुणाकारात घडते.

धनुष्याच्या बाबतीत गल्लत काय?

अनेक खेळांत तलवार बलदंडाची आणि धनुष्य चपळ पण किरकोळ पात्राचे असते. २०१४ च्या आवृत्तीतही लांब धनुष्याचा नेम आणि इजा चपळाईवर ठरते. ‘मेरी रोझ’ ही इंग्रज युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली गेली. तिच्यावर १३७ अखंड धनुष्ये सापडली. ती पूर्ण ताणायला सुमारे ४५ ते ८० किलो वजन पेलण्याइतका जोर लागत असावा, असा अंदाज आहे. असे धनुष्य वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय खेचता येत नाही. धनुष्याला ताकदीची अट घातली, तर खेळ वास्तवाच्या जवळ जातो आणि नियमही फारसा वाढत नाही.

तपशील वाढवला की वास्तव वाढते?

तसे होतेच असे नाही. १९७८ च्या त्याच पुस्तकात प्रत्येक शस्त्रापुढे चिलखतांच्या नऊ श्रेणींसाठी नऊ वेगळे आकडे होते. कल्पना योग्य होती, पण प्रत्येक वाराला तक्ता पाहावा लागे. १९८९ मध्ये हा नियम साधा करून ऐच्छिक ठेवला गेला आणि २००० च्या आवृत्तीत तो उरलाच नाही. खऱ्या झुंजीत क्षणात निर्णय होतो. टेबलावर त्यासाठी पाने उलटावी लागली, तर आकडे अचूक असूनही झुंज खोटी वाटते.

नवे शस्त्र घडवताना काय पाहावे?

‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या आवृत्तीतील कट्यार हे चांगले उदाहरण आहे. भारतीय कट्यारीची आडवी मूठ धरली की पाते मुठीच्या रेषेत पुढे येते आणि ठोशाचा सगळा जोर टोकावर जातो. खेळात तिची मूळ इजा लहान आहे, कारण पाते आखूड आहे. पण वार वर्मी बसला की आणखी एक फासा मिळतो, शिवाय लागोपाठ वार करणे सोपे जाते. दोनच गुणधर्मांत तिचे वेगळेपण आले.

शस्त्र घडवणाऱ्याने आधी तीन प्रश्न विचारावेत. ते किती लांबून लागते? चिलखतापुढे त्याचे काय होते? दुसरा वार करायला किती वेळ लागतो? वजन आणि लांबीचे खरे आकडे संग्रहालयांच्या नोंदींत मिळतात आणि ते वापरल्याने खेळ जड होत नाही. खेळ जड होतो तो नियमांच्या गर्दीने. ज्या नियमामुळे खेळाडू तलवार म्यान करून गदा उचलतो, तो ठेवावा. ज्यामुळे तो फक्त पुस्तक उघडतो, तो गाळावा.