शुक्रवारची मिळकत, सोमवारची मिळकत

मोर्शीकरांना समुद्र लांबचा. मुंबई गाठायची तरी एक रात्र रेल्वेत जाते, आणि लक्षद्वीप तर त्याही पलीकडे, कोचीहून जहाजाने. सगळी बेटे मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन आणि २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३ माणसे, त्यांत ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान. इतक्या दूरच्या बेटांशी आपल्या संत्र्याच्या बागांचा संबंध काय, असे कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो बहिणीच्या हिश्श्याचा आहे.

नागपूर विद्यापीठात शिकलेल्या लीला दुबे (१९२३–२०१२) या मराठी मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी १९६९ साली ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक लिहिले. अब्दुल रहमान कुट्टी यांनी कल्पेनी बेटावर जमवलेल्या माहितीचा त्याला आधार होता. कल्पेनी तीन चौरस किलोमीटरचेही नाही. तिथले लोक शाफई मसलकाचे, नमाज-रोज्याचे पक्के, गल्लोगल्ली मशिदी. आणि वंश मात्र आईकडून चालतो! दुबेंपुढे हेच कोडे होते : पितृवंशाची चौकट मानणारी शरीयत आणि मातृवंशाचा रिवाज एका घरात नांदतात कसे?

घर म्हणजे ‘तरवाड’. एका आजीच्या लेकी, नाती, पणत्या आणि त्यांचे भाऊ-मुलगे मिळून तरवाड होतो. निकाहानंतर मुलगी सासरी जातच नाही. नवरा रात्री तिच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मुले आईच्या तरवाडची. आपल्या सासवांना हे वाचून चक्कर येईल, पण निकाह, मेहर, तलाक, इद्दत हे सगळे तिथे शरीयतप्रमाणेच होते.

या रिवाजामागे बेटाचे गणित आहे. जमीन मूठभर, उत्पन्न नारळाचे. खोबरे आणि काथ्या घेऊन पुरुष शिडाच्या गलबतांनी मंगळूर-कालिकतकडे जात आणि कित्येक आठवडे परतत नसत. घर, झाडे, लेकरे बायकांनी सांभाळायची, काथ्याही त्यांनीच वळायचा. वारसांत वाटत गेले असते तर चार पिढ्यांत माणशी दोन माडही उरले नसते. म्हणून मिळकत फोडायचीच नाही, असे ठरले. या बेटांचा महसूल ज्या घराण्याकडे जात असे ते कण्णूरचे अरक्कल घराणेही मुसलमान आणि मातृवंशीय. त्याच्या गादीवर अनेकदा बीबीच बसल्या.

पण मग सूरह निसामधल्या वारसाहक्काचे काय? बेटवाल्यांनी मिळकतीचे दोन भाग केले. तरवाडची वडिलोपार्जित मिळकत ती ‘शुक्रवारची’. ती फुटत नाही. पुरुष हयातभर तिचे उत्पन्न खातो, त्याच्यामागे ती त्याच्या मुलांना न जाता बहिणींच्या मुलांकडे राहते. स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’. तिची वाटणी शरीयतप्रमाणे बायको, मुलगे, मुली यांच्यात होते. कोणता माड शुक्रवारचा आणि कोणता सोमवारचा, यावरून भांडणे होतात, कोर्टकज्जेही होतात. तरी रिवाज कुठे आणि शरीयत कुठे, हे तिथे उघड सांगितले जाते.

ही व्यवस्था शरीयतला पूर्ण धरून आहे असे मी म्हणत नाही. उलेमांचे आक्षेप रास्तच आहेत. शिवाय कारभार ‘कारणवर’ म्हणजे घरच्या मोठ्या पुरुषाकडे असतो, बायकांचे राज्य वगैरे काही नाही. १९९३ मध्ये दुबेंनी याच विषयावर पुन्हा लेख लिहिला, तेव्हा नोकऱ्या आणि रोख पैसा आल्याने बाप आपली कमाई भाच्यांऐवजी मुलांसाठी राखू लागले होते. मात्र एक गोष्ट त्यांनी ठामपणे मांडली : तिथल्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर नवऱ्याच्या मर्जीवर नसते. तलाक झाला तर यायचा थांबतो तो नवरा. बाई, लेकरे, चूल जिथल्या तिथे.

आता आपल्याकडे पाहा. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे. तो कुणाच्या मेहेरबानीचा नाही. आणि व्यवहारात? अब्बांचा इंतकाल होतो, चाळिसावा होतो आणि भाऊ कागद पुढे करतो. “माहेर तुटू नये म्हनून सही करून देल्ली,” असे सांगणाऱ्या फूफी आणि खाला आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. बदल्यात ईदेला साडी, आंबिया बहाराला संत्र्याची एक पेटी. जहेज दिले म्हणजे हिस्सा फिटला, असेही सांगतात. शरीयतमध्ये असा हिशोब कुठेच नाही. कल्पेनीकर आपल्या रिवाजाला निदान रिवाज म्हणतात. आपण तर बहिणीचा हक्क बुडवूनही स्वतःला शरीयतचे पाबंद म्हणवतो.

कागदाचीही थोडी माहिती असावी. वडिलांच्या मृत्यूनंतर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, त्यात मुलींची नावे लागतात. हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते, आणि ते करून देण्याची सक्ती कुणावरही नाही. फेरफाराची नोटीस आली की ती कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावी आणि सातबाऱ्याचा उतारा स्वतः मागावा. बहिणीचे नाव त्यावर आहे की नाही, हे पहिल्या पानावरच दिसते.