धडधडीचा नकाशा

कोरगावात रात्री जेवून उठताना एखाद्याच्या छातीत अचानक धडधड सुरू होते. घरचे गाडी काढतात. बांबोळीची वाट तासाभराची. म्हापसा, पणजी मागे टाकून गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पोचेपर्यंत धडधड बऱ्याचदा थांबलेली असते आणि ईसीजी अगदी नॉर्मल येतो. मग 'पित्त झालं असेल' म्हणून मंडळी परत फिरतात. म्हणून धडधड चालू असतानाच तुयेच्या सरकारी इस्पितळात किंवा जवळच्या डॉक्टरकडे ईसीजी काढून घ्यावा आणि ती पट्टी जपून ठेवावी. बिघाड हृदयाच्या कुठल्या भागात असावा, याचा पहिला अंदाज त्या पट्टीवरूनच बांधतात.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने सुरू होतो. उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या भागातल्या पेशींच्या पुंजक्यातून लहर निघते, दोन्ही कर्णिकांत पसरते, मधल्या गाठीपाशी क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, उतरते. हे वेळापत्रक दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर भलत्याच जागेतल्या पेशी आपल्या मनाने लहरी सोडू लागतात. नाहीतर लहर पुढे जाऊन विझण्याऐवजी एखाद्या वाटेने गोल फिरत राहते. काहींच्या हृदयात कर्णिका आणि जवनिका यांना जोडणारा जास्तीचा धागा जन्मतःच असतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी 1930 साली वर्णन केलेला आजार तो हाच.

हा धागा किंवा ती जागा डोळ्यांना दिसत नाही. एक्स-रेत हृदयाची सावली दिसते, वीज दिसत नाही. नकाशा लागतो तो इथे, आणि तो मुख्यतः वेळेचा नकाशा असतो. पेडण्याच्या खाजन शेतीत रात्री बांध फुटला तर सकाळी सगळीकडे पाणी सारखंच दिसतं. पण कुठल्या कोपऱ्यात पाणी आधी आलं आणि कुठे नंतर, हे कळलं की फुटलेली जागा सापडते. संगणक हृदयात नेमकं हेच विचारत फिरतो.

त्यासाठी जांघेतल्या शिरेतून बारीक, लवचीक कॅथेटर हृदयापर्यंत नेतात. जांघेपुरती भूल देतात. लांबणाऱ्या कामासाठी पूर्ण भूलही देतात. 1990च्या दशकात आलेल्या कार्टो या पद्धतीत टेबलाखालून सौम्य चुंबकीय क्षेत्र सोडतात आणि कॅथेटरच्या टोकातला सेन्सर त्यात आपली जागा सांगतो. दुसरं कॅथेटर हृदयात एका ठिकाणी स्थिर ठेवतात. त्याचा संकेत म्हणजे घड्याळाचा शून्य. फिरतं टोक भिंतीला टेकलं की तिथे लहर त्या शून्याच्या किती आधी वा नंतर पोचली, ते मिलिसेकंदात मोजलं जातं. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. समजा एका जागी उणे 10 आलं आणि बोटभर बाजूला उणे 35. म्हणजे लहर त्या बाजूने येते आहे. टोक तिकडे सरकवायचं. हृदय हलत असतं, छाती वरखाली होत असते, म्हणून संगणक ठोक्यातला ठरावीक क्षणच धरतो आणि श्वासाचा हिशेबही जुळवतो.

असे शेकडो, आताच्या अनेक टोकांच्या कॅथेटरने हजारो बिंदू जमले की पडद्यावर हृदयाचा तो कप्पा उभा राहतो. सर्वांत आधीची जागा लाल, मग पिवळी, हिरवी, निळी आणि शेवटी जांभळी. लाल ठिपक्यातून रंग चहूबाजूंनी पसरले असतील तर उगम तिथेच. लाल आणि जांभळा एकमेकांना खेटून असतील तर लहर गोल फिरते आहे. मग त्या वाटेतली अरुंद जागा गाठायची. कर्णिकेच्या फ्लटरमध्ये, म्हणजे कर्णिकेत लहर अशी गोल फिरते तेव्हा, ही जागा बहुधा उजव्या कर्णिकेत, तिथली झडप आणि खालची महाशीर यांच्या मधल्या पट्टीत असते.

दुसरा नकाशा विजेच्या जोराचा. जुन्या हृदयविकाराच्या झटक्याचा व्रण उरलेला असेल तर तिथे संकेत क्षीण मिळतो. जवनिकेत 1.5 मिलिव्होल्टच्या वर स्नायू साधारण धड समजतात, 0.5च्या खाली दाट व्रण. धोकादायक लहरी बहुधा या व्रणातल्या जिवंत धाग्यांतून वाट काढतात.

जागा पक्की झाली की त्याच टोकातून रेडिओलहरी सोडून काही मिलिमीटर ऊतक तापवतात. 50 अंश सेल्सिअसच्या वर ते कायमचं निकामी होतं. जास्तीचा धागा असेल तर काही सेकंदांत ईसीजीची रेघ बदललेली दिसते. मात्र जागा मधल्या गाठीला लागून असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात. गाठ दुखावली तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. क्वचित हृदयाभोवती रक्त साचण्याचाही धोका असतो. या गोष्टी सही करण्याआधी विचारून घ्याव्यात.

सगळ्या धडधडींना हा उपाय सारखा लागू पडत नाही. जास्तीचा धागा एकदा तुटला की बहुतेकांचा प्रश्न मिटतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची विस्कळीत थरथर, चिवट असतं. त्याच्या ठिणग्या पुष्कळदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असतात, हे फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या हायसागेर यांनी 1998 साली दाखवलं. तेव्हापासून त्या तोंडांभोवती कडं करून वाट तोडतात. कड्यात फट राहिली तर त्रास परततो आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल तर आधी झडपेचं बघावं लागतं. धडधड थांबली म्हणून, पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात बघून ठरतं. नकाशा कितीही सुरेख आला असला तरी या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.