सरकता धक्का

हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये ‘कॉटन ग्रीन’ नावाचं स्टेशन आहे. हे नाव मुळात इथलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतले कापसाचे गठ्ठे कोटातल्या हिरवळीवर, म्हणजे आज हॉर्निमन सर्कल आहे तिथं, रचले जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडीजवळ समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आला. दोन्ही वेळा कापसाबरोबर हिरवळीचं नावही हललं. पाणी जिथल्या तिथं राहिलं, धंदा मात्र काठाकाठानं सरकत गेला. मुंबईच्या अर्थकारणाचा इतिहास म्हणजे या सरकण्याचा इतिहास.

लाकडाचे दिवस

बंदराचा पहिला मोठा धंदा जहाजं बांधण्याचा होता. १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार सुरतेहून मुंबईत आला. १७५० मध्ये इथं कोरडी गोदी उभी राहिली. मलबारचा साग खाऱ्या पाण्याला आणि किड्याला दाद देत नसे, त्यामुळे ब्रिटिश आरमारही मुंबईत जहाजं बांधून घेऊ लागलं. १८१७ मध्ये बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं आजही तरंगतं आहे. पुढे वाफेची आणि लोखंडाची जहाजं आली, तेव्हा साग तसाच होता, कारागीरही तसेच होते. फक्त गिऱ्हाईक गेलं.

कापूस आणि चिखल

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. शहरात पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठं हा प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर समुद्रात सापडलं. भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैच्या वायदेपूर्तीला अर्धी मुंबई दिवाळखोरीत निघाली.

शेअर कागदी होते, पण पूर्व किनाऱ्यावर पडलेला भराव खरा होता. एल्फिन्स्टन कंपनीनं समुद्रातून काढलेली जमीन सरकारनं विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात दिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानं युरोप जवळ आलं होतं. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा गोदी) अशा गोद्या उभ्या राहत गेल्या. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट वसली. गोदीच्या खड्ड्यातून कचेऱ्यांचं भाडं निघू शकतं, हे बंदराच्या तेव्हा ध्यानात आलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण शंभर वर्षांनी तोच मुद्दा ऐरणीवर आला.

खांदे

गोदीत माल वाहायला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. टोळीवाला माणसं पुरवी, सकाळी फाटकाशी गर्दी जमे. जहाज लागलं तर काम, नाही तर हात हलवत परत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’वरच्या कापसाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला आणि त्याच जहाजावरच्या सुमारे चौदाशे टन स्फोटकांनी गोदीसह भोवतालच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात भरणाऱ्या घाईची किंमत गोदीतल्या आणि वस्तीतल्या माणसांनी मोजली.

गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये झाला. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी संघटना बांधली, आणि गोद्यांना समांतर जाणाऱ्या फ्रियर रोडला आज त्यांचं नाव आहे. बाजारातल्या हमालांना, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर, माथाडी कायदा मिळाला तो १९६९ मध्ये. पाठीवरच्या ओझ्याला कायद्याची पावती मिळेपर्यंत ओझं वाहण्याची पद्धतच बदलायला लागली होती.

पेटी

१९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजानं ॲल्युमिनियमच्या ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. पोतं, पिंप, गठ्ठा एकेक उचलण्याऐवजी अख्खी पेटी क्रेननं उचलायची, एवढीच कल्पना. पण त्या पेटीला खोल पाणी लागतं, धक्क्यामागे मोकळं आवार लागतं आणि ट्रेलरला रुंद रस्ता लागतो. मुंबईच्या गोद्यांच्या पाठीशी मशीद बंदर आणि मांडवीच्या गल्ल्या होत्या. म्हणून बंदर खाडीपलीकडे गेलं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. दाणाबंदरचा घाऊक व्यापारही वाशीच्या बाजार आवारात गेला.

पलीकडचा काठ काही रिकामा नव्हता. तिथं भातशेती, मिठागरं आणि मासेमारी होती. जानेवारी १९८४ मध्ये भूसंपादनाच्या प्रश्नावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उठले, गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र त्या आंदोलनातून आलं. आज न्हावा-शेवा वर्षाला सत्तर लाखांहून अधिक कंटेनर-एककं हाताळतं.

उरलेली जमीन

मागे राहिलेल्या बंदराचं काय झालं? तिथं तेल उतरतं, मोटारी चढतात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या भराव घालून बुजवल्या गेल्या. रे रोडजवळच्या दारूखान्यात जुनी जहाजं तोडली जातात. नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ पासून तिथंच सुटी झाली. आणि सुमारे १,८०० एकर जमीन उरली. तिचं काय करायचं हे सुचवायला २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली. उद्यानं, प्रवासी बोटी, कचेऱ्या, मनोरे अशी अनेक चित्रं पुढे आली. पण त्याच जमिनीवर गोदामांतले हमाल, दारूखान्यातले कामगार आणि त्यांची घरं आहेत. चित्रात ती क्वचितच दिसतात.

१२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शिवडीतून निघतो आणि न्हाव्याकडे जातो. जुना काठ आणि नवा काठ त्यानं जोडले, तोवर धक्का पुन्हा सरकायला लागला होता. डहाणूजवळ वाढवण इथं सुमारे ७६,००० कोटींच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. कारण पुन्हा तेच, आणखी मोठ्या जहाजांसाठी आणखी खोल पाणी. तिथं समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जमीन होणार आहे. किनाऱ्यावरचे मच्छीमार विरोधात उभे आहेत.

या शहरात जमिनीचा हिशेब नेहमी आधी होतो आणि माणसांचा मागून. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या टोळ्यांना १९४८ पर्यंत थांबावं लागलं, न्हाव्याच्या शेतकऱ्यांना गोळ्या झेलाव्या लागल्या. बंदर हलणारच, त्याला कुणी अडवू शकलेलं नाही. वाढवणच्या भरावाचं क्षेत्रफळ पायाभरणीच्या आधीच ठरलं होतं. तिथल्या मच्छीमारांच्या वाट्याचा आकडाही यावेळी पहिल्या पेटीच्या आधी ठरतो का, एवढंच पाहायचं आहे.