हौसिंग बदलले, शाफ्टचे काय?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता द्यावी, फार तर एखादे प्रवासवर्णन, असा आपल्याकडे संकेत आहे. मी तो मोडतो आहे, त्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी. पण मालेगावात ज्याच्या घरी यंत्रमाग नाही त्याच्या घरी, निदान शेजारी, एखादी पिकअप गाडी हमखास असते. आणि गेल्या वर्षी आमच्या गाडीने मला जे शिकविले ते चार जणांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

दादा या गाडीतून उमराण्याच्या बाजारात कांदा नेतो. एकदा ओझे जास्त झाले, खड्डा चुकविता आला नाही आणि मागचे हौसिंग वाकले. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला तो जाड नळा. त्याच्या मध्यावर फुगीर गोळा दिसतो. त्यात क्राऊन आणि पिनियन हे दोन दातेरी भाग असतात. त्याच बनावटीचे हौसिंग मिळेना. जुन्या सामानात दुसऱ्या बनावटीचे, पण मजबूत, असे एक मिळाले. (येथे एक सांगितले पाहिजे. नोंदणीच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला मान्य नाही. म्हणून आधी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे.) ते बसले, ब्रेक लागले, राहिला फक्त शाफ्ट. "थोडा कापला की झालं," असे म्हणून एका कारागिराने तोही बसवून दिला.

त्यानंतर गाडी पन्नासच्या पुढे गेली की सारी केबिन थरथरू लागे. महिन्याभरात शाफ्टचा क्रॉस खडखडू लागला. दादा हसण्यावारी नेई, पण हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. भरधाव गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडते, रुतते, आणि मागून येणारे गाडीचे वजन त्या दांड्यावर उचलले जाते. राहूड घाटातल्या उतारावर असे झाले असते तर? आई तर गाडी दारात उभी राहीपर्यंत जेवायला बसत नसे.

अखेर आग्रा रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. सारे त्यांना चाचा म्हणतात. ते गाडीखाली शिरले, बाहेर आले आणि पहिला प्रश्न विचारला, "माप घेतलं तेव्हा गाडी जॅकवर होती का?"

"हो चाचा, चाकं लटकतीच होती," दादा म्हणाला.

"मग ते माप जॅकवरचं. रस्त्यावरचं घेतलंच नाही कोणी."

यातले मर्म समजायला मला दोन दिवस लागले. मागात मोटर आणि शाफ्ट दोन्ही जागच्या जागी पक्के असतात. गाडीचे तसे नाही. गिअरबॉक्स चेसिसला बांधलेला, तर हौसिंग पाट्यांवर लोंबलेले. पाटे दबले की हौसिंग वर येते, मागेपुढे सरकते. म्हणून शाफ्टला लांबी कमीजास्त होऊ देणारा स्लिप लागतो आणि दोन्ही टोकांना कोनातही फिरणारा क्रॉस लागतो. हा सांधा युरोपात सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याच्या नावाने, तर इंग्लंडात सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखला जातो. मोटारीसाठी तयार केलेल्या अशा सांध्याचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ साली मिळविले. तोवर पुष्कळ मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत.

या क्रॉसमध्ये एक खोड आहे. सांधा वाकलेला असला की एक बाजू एकसारख्या गतीने फिरत असूनही दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन ३० अंशांचा असेल तर गती सुमारे १५ टक्क्यांनी वाढते आणि १३ टक्क्यांनी घटते. कोन लहान असेल तर फरक थोडा, पण असतोच. यावर उपाय म्हणजे दुसरा क्रॉस. पहिल्याने केलेला घोटाळा दुसरा निस्तरतो. मात्र त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. कोन सारखे नसतील तर उरलेला धक्का केबिनला बसतो.

आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते. नव्या हौसिंगवर पाट्यांच्या बैठकी नजरेच्या अंदाजाने वेल्ड केल्या होत्या. चाचांनी गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी केली, नेहमीइतके ओझे ठेवविले आणि मला म्हणाले, "कॉलेजात जातोस ना? कोन मोज." धाकट्या बहिणीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा, एवढ्यावर काम झाले. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश खाली उतरत होता. पिनियनचे तोंड पुढे ६ अंश वर चढलेले! आता ते ३ अंशांवर आणायचे, असे मी म्हणालो. चाचांनी मान हलविली. ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन आपले तोंड वर उचलतो. पाटे तेवढे पिळतात. म्हणून उभ्या गाडीत तो अंशभर खालीच ठेवायचा. पाटा आणि बैठक यांच्यामध्ये ४ अंशांची पोलादी पाचर बसली आणि पिनियन २ अंशांवर आला. त्यासाठी यू-बोल्टही लांब घ्यावे लागले.

लांबी त्यानंतर. कोन बदलला की लांबीही बदलते, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. स्लिप पूर्ण आत ढकलायचा, मग सुमारे इंचभर बाहेर ओढायचा, आणि त्या स्थितीत दोन क्रॉसच्या मध्यांतले अंतर घ्यायचे. इंचभर मोकळीक नसेल तर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सवर आदळतो. फार ठेवली तर स्लिपचे थोडेच दाते धरलेले राहतात. आमचा जुना शाफ्ट आखूडच कापला गेला होता, तेव्हा नवा नळा घालावा लागला. जोडण्यापूर्वी चाचांनी दोन्ही योकवरून खडूची एक सरळ रेघ मारली. शाफ्ट लेथवर फिरवून, आधी चार टाके मारून आणि मग पूर्ण वेल्ड केले.

बॅलन्सिंगचे पैसे दादाला जड वाटत होते. तेथे माझे गणित कामी आले. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला ६६० हून अधिक फेरे करते. पिनियन-क्राऊनचे प्रमाण चारास एक धरले तर शाफ्टचे फेरे अडीच हजारांवर जातात. एवढ्या गतीला वेल्डिंगचा एक जाड थेंबही थरथर उत्पन्न करतो. दादाने मुकाट्याने पैसे काढले.

पिनियनच्या फ्लँजची भोकेही जुळत नव्हती. ती फ्लँज बदलून भागले. नव्या हौसिंगचे दाते वेगळ्या प्रमाणाचे असल्याने वेगाचा काटा थोडा खोटा बोलू लागला, तो पुढे दुरुस्त केला.

गाडी घेऊन निघताना चाचांनी बजावले की शंभरएक किलोमीटर झाले की यू-बोल्ट आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या; नवी पाचर दबून बसते. उमराण्याच्या दोन-तीन खेपा झाल्यावर आम्ही परत गेलो. एका यू-बोल्टची नट जवळजवळ पाव फेरा फिरली.