नवा संसार आणि पहिलं संकट

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची ताणानुसार उतरंड लावली. त्यात लग्नाला ५० गुण आहेत, नोकरी जाण्याला ४७. म्हणजे हौसेनं केलेलं लग्नही मनावर भार टाकतंच. त्यात पहिल्याच वर्षी नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, की नव्या जोडप्याची कसोटी लागते.

जोडपी ताणाला एकत्र कशी तोंड देतात, याचा स्विस मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान यांनी बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत सुरुवात होते ती ताण बोलून दाखवण्यापासून. नोकरी गेलेला नवरा ‘काही नाही गं, दमलोय’ म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालतो, तेव्हा बायकोला वाटतं, आपलंच काही चुकलं. बाहेरचा ताण असा घरात शिरतो. तेच त्यानं मोकळेपणानं सांगितलं, दोघांनी बसून घराच्या हप्त्यांचा हिशोब मांडला, तर प्रश्न दोघांचा होतो. मदतीचा सूरही महत्त्वाचा. कपाळाला आठ्या घालून केलेली मदत बोडेनमान नकारात्मकच धरतात, आणि ते मला अगदी पटतं.

जोडीदार बोलू लागला, की लगेच सल्ला देऊ नका. आधी पूर्ण ऐकून घ्या.