वेशांतराचा विनोद कसा चालतो

युवक महोत्सव आणि स्नेहसंमेलनांचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांत तालमी रंगू लागतात. एखाद्या तरी संघात मुलाला साडी नेसवून विनोदी प्रवेश करायचं ठरतं. पहिल्या प्रवेशाला दणक्यात हशा येतो आणि पाचव्या मिनिटाला तो विरतो. साडी तीच, नट तोच. मग हसू का आटतं? याचं उत्तर 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटात टप्प्याटप्प्यानं सापडतं.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित हा चित्रपट 1988 साली आला. लेखन वसंत सबनीसांचं. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (1966) या हिंदी चित्रपटातली. पुढे ती तेलुगू आणि कन्नडमध्येही गेली. एवढा प्रवास करूनही गोष्ट टिकली, कारण तिची बांधणी पक्की आहे.

सुरुवात होते अडचणीपासून. पुण्यात चार तरुणांना डोक्यावर छप्पर हवंय. घरमालकीण लीलाबाई काळभोर जागा द्यायला तयार आहेत, पण फक्त जोडप्यांना. चौघांत एकही बायको नाही. म्हणून परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. पार्वती धनंजय मानेची बायको, सुधा शंतनूची. इथे कुणाला गंमत म्हणून लुगडं नेसायचं नाही, दुसरा इलाजच उरलेला नाही. भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेला प्रेक्षक इथेच त्यांच्या बाजूचा होतो.

दुसरा टप्पा माहितीच्या वाटपाचा. पार्वती कोण आहे हे लीलाबाईंना ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. आपल्या संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा समोर पुरुष आहे हे प्रेक्षकानं विसरावं असाच सारा प्रयत्न होता. विनोदी वेशांतराचं गणित नेमकं उलटं. आचार्य अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'तली मावशी असो की लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती, आतला पुरुष प्रेक्षकानं क्षणभरही विसरता कामा नये. प्रेक्षक या कटात सामील असतो आणि त्याच्या हसण्यात थोडी धाकधूकही असते. म्हणून सोंग बेमालूम वठलं तर हसू जातं आणि अगदीच ओबडधोबड असलं तर घरमालकीण फसली हे पटत नाही. या दोहोंच्या मधली जागा नटाला सापडावी लागते.

तिसरा टप्पा, सोंग सांडण्याचा. ते कुठून सांडतं हे पाहण्यासारखं आहे. बायकोची ओळख करून देताना अशोक सराफांचा धनंजय 'हा माझा बायको' असं बोलून जातो. ना पदर ढळलेला, ना केसांचा टोप सरकलेला. नुसत्या लिंगाच्या घोटाळ्यानं सगळं उघडं पडायची वेळ येते. मराठीत सोंग घेणाऱ्याला स्वतःबद्दल बोलतानाही 'मी येतो' गिळून 'मी येते' म्हणावं लागतं. कन्नडमध्ये बाई आणि पुरुष दोघंही 'मी' म्हणून बोलताना एकच क्रियापद वापरतात, तिथे ही भीती नाही. मराठीत मात्र साध्या बोलण्यातही वाक्यागणिक धोका असतो. हे वापरायला खर्च लागत नाही, कान लागतो.

चौथा टप्पा, एका माणसाची दोन ठिकाणी गरज. सुधीरचं मन मनीषा नावाच्या मुलीवर जडतं, पण घरात तो सुधा आहे. तिच्याशी प्रेमाचं बोलायचं तर त्याला सुधीर व्हायला हवं आणि सुधीर झाला तर सुधा कुठे गेली, हा प्रश्न उभा राहतो. लेखकाला आता वेगळे विनोद पेरावे लागत नाहीत; एकाच माणसाला दोन हाका आल्या की प्रसंग आपोआप घडतो.

पाचवा टप्पा खोटं वाढवण्याचा. पार्वतीला दिवस गेल्याचं जाहीर होतं आणि प्रकरण थेट डोहाळजेवणापर्यंत जातं. प्रत्येक थाप आधीची थाप झाकण्यासाठी मारलेली, त्यामुळे कितीही अतिरेक झाला तरी तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. एकदा सुरू झालेलं सोंग मधेच थांबवता येत नाही, म्हणून गती वाढतच जाते.

आता छत्रपती संभाजीनगरातलंच एक उदाहरण. इथल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवणाऱ्या डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात सुमारे तीन तास एकट्यानं 52 पात्रं उभी केली. त्यात म्हाताऱ्याही होत्या, पोरीही होत्या आणि त्यासाठी लुगडं कधी लागलं नाही. आवाज, मान, हाताची ठेवण आणि मराठवाडी बोलीचा हेल एवढ्यावर माणूस बदलायचा. 2009 साली ते गेले. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग रंगभूमीवर जागता ठेवला. 'बनवाबनवी'तलं वेशांतर आणि 'वऱ्हाड'मधलं विनावेश रूपांतर वरवर भिन्न दिसतात, पण दोन्हींचा पाया एकच: समोर कोण आहे हे प्रेक्षकाला पक्कं माहीत असतं आणि तरीही तो ते पात्र मनापासून मान्य करतो.

म्हणून तालमीला बसणाऱ्या मुलामुलींना एक कळकळीचं सांगणं. साडी शेवटी आणा. आधी कागदावर लिहा: सोंग का घ्यावं लागलं, उघडं पडलं तर काय गमवावं लागेल, प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय नाही. हसू बाईच्या चालण्याबोलण्याची टिंगल करून मिळवू नका. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या धडपडीतून ते मिळवा. तसं मिळवलेलं हसू पाचव्याच काय, पन्नासाव्या मिनिटालाही टिकतं.